आतला डोळा, बाहेरचा डोळा

वाचकहो, ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांत आता इतका रुळला आहे की, तो कानी पडताच निम्मी भीती ओसरते. शेजारच्या काकांचे पित्ताशय दुर्बिणीने निघाले आणि आठवड्याच्या आत ते भाजी आणायला मंडईत दिसले. आत्याबाईंचा गुडघा दुर्बिणीने तपासून झाला. त्यामुळे एखाद्या घरातल्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरांनी ‘कवटीच्या तळाशी दुर्बीण न्यावी लागेल’ असे सांगितले, की ऐकणाऱ्यांची पंचाईत होते. दुर्बीण म्हणजे किरकोळ आणि मेंदू म्हणजे भयंकर, अशा दोन समजुती एकाच वाक्यात भेटलेल्या असतात. कोणती खरी मानावी? त्यातच आता डॉक्टर एका नव्हे, दोन दुर्बिणींविषयी बोलू लागले आहेत. एक आत जाणारी, एंडोस्कोप. दुसरी बाहेरच राहून पाहणारी, एक्सोस्कोप.

मी चौतीस वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम केले. त्यातला निम्म्याहून अधिक काळ मेंदूच्या शस्त्रक्रियांच्या दालनात गेला. निवृत्तीनंतर ते दालन सुटले असे वाटत असतानाच गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीवर, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, नेमकी हीच दोन साधने वापरून शस्त्रक्रिया झाली. म्हणजे ज्या दाराच्या आत मी आयुष्य काढले, त्याच्या बाहेरच्या बाकावर बसण्याची वेळ माझ्यावर आली. तुमच्यापैकी कित्येक जण त्या बाकावर बसून आलेले असतील, कोणी उद्या बसणार असतील. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

प्रथम कवटीच्या तळाची ओळख करून घेऊ. कवटी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टाळूचा घुमट येतो. मेंदू मात्र ज्यावर विसावतो तो तळ घुमटासारखा गुळगुळीत नाही. पुढून मागे उतरत गेलेल्या तीन पायऱ्यांसारखी त्याची रचना आहे. डोळ्यांवरची पायरी सर्वांत उंच, कानांच्या पातळीची मधली, आणि मानेच्या मुळाशी सर्वांत खोल. या हाडात जागोजागी छिद्रे आहेत. त्यांतूनच मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या वर येतात आणि दृष्टी, श्रवण, चेहऱ्याची हालचाल, गिळणे, आवाज सांभाळणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या बाहेर पडतात. मज्जातंतू म्हणजे बोलीभाषेत आपण जिला नस म्हणतो ती. जुन्या वाड्याच्या जोत्यातून पाण्याचे नळ, विजेच्या तारा आणि सांडपाण्याचे पन्हळ एकमेकांना खेटून जावेत, तशी ही गर्दी. इथे एखादी गाठ वाढली किंवा एखादी धमनी नसेला घासू लागली, तर तिच्यापर्यंत पोहोचायचे कसे? वरून जावे तर मध्ये मेंदू. खालून जावे तर नाक, घसा, कान. शल्यविशारदाची खरी अडचण सुरीची नसते, पाहण्याची असते. जागा खोल, वाट अरुंद आणि हवी ती वस्तू बहुधा कुठल्या तरी हाडाच्या उंचवट्याआड.

पाहण्याची ही अडचण सोडवण्याचा इतिहास मोठा आहे. त्यातले दोनतीन टप्पेच सांगते. मेंदूच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक प्रथम आणला तो थिओडोर कुर्झे यांनी, १९५७ साली लॉस अँजलिसमध्ये. दहा वर्षांनी झुरिकमध्ये गाझी याशारगिल यांनी त्याचे शास्त्रच घडवले. सूक्ष्मदर्शक तोलून धरणारा असा खांब त्यांनी करवून घेतला की, दोन्ही हात कामात असताना तोंडातल्या कळीने तो हलवता यावा. माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्या दालनात असाच अवजड सूक्ष्मदर्शक होता. शल्यविशारद त्याच्या नेत्रिकांना डोळे लावून चारचार, सहासहा तास मान आखडून बसत. त्यांना जे दिसे ते त्यांनाच दिसे. मदतनिसाला बाजूच्या नळीतून थोडेफार. उरलेल्या आम्हांला फक्त त्यांची पाठ. आत रक्तस्राव वाढला आहे की नाही, हे मी रक्त शोषणाऱ्या नळीच्या आवाजावरून आणि बाटलीतल्या वाढत्या पातळीवरून ओळखत असे. ती एक विद्याच होती म्हणा ना.

एंडोस्कोपची कुळी वेगळी. साधारण काडीएवढी जाड धातूची नळी, टोकाला भिंग, आणि आत प्रकाश नेणारे काचतंतू. तिच्या आजच्या रूपामागे हॅरॉल्ड हॉपकिन्स या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाची बुद्धी आहे. पूर्वी अशा नळीत चिमुकली भिंगे अंतराअंतरावर बसवलेली असत आणि मधली जागा हवेने भरलेली असे. चित्र अंधूक येई. हॉपकिन्स यांनी उलट केले. लांब काचेच्या कांड्या बसवल्या आणि त्यांच्या मध्ये हवेची बारीक फट ठेवली. १९५९ मधली ही कल्पना. पुढे साठच्या दशकात जर्मनीच्या कार्ल स्टॉर्झ यांनी ती उत्पादनात उतरवली. याच हॉपकिन्स यांच्यासोबत लंडनमध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याचे काम करणारा तरुण होता नरिंदर सिंग कपानी, पंजाबातल्या मोगा गावचा. त्या दोघांचा निबंध १९५४ साली ‘नेचर’मध्ये आला. दुर्बिणीच्या टोकाशी पडणारा तो लख्ख प्रकाश पाहिला की, मला या मोग्याच्या मुलाची आठवण होते.

एंडोस्कोपचा गुण असा की तो वाकून पाहतो. नळी सरळच असते; पण टोकाचे भिंग तीस, पंचेचाळीस किंवा सत्तर अंशांनी तिरके असल्यामुळे भिंतीपलीकडचे दिसते. पियूषिका ग्रंथीच्या गाठी नाकातून काढण्याची पद्धत तशी जुनी आहे. १९०७ मध्ये इन्सब्रुकच्या हर्मन श्लोफर यांनी ती प्रथम केली. परंतु एंडोस्कोपने नव्वदच्या दशकात तिचे रूपच पालटले. या ग्रंथीविषयी आपल्या वाचकांना एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती वयाशी निगडित आहे. ही गाठ दृष्टीच्या नसांना खालून दाबते, तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूंचे दिसणे हळूहळू कमी होते. वृद्ध माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागतो, कडेला ठेवलेला पेला त्याच्या हातून सांडतो, आणि घरचे म्हणतात, मोतीबिंदू पिकला असेल. मोतीबिंदू असेलही. पण शस्त्रक्रियेनंतरही कडेचे दिसत नसेल, तर नेत्रतज्ज्ञांना दृष्टिक्षेत्राची तपासणी करायला अवश्य सांगा.

एंडोस्कोपचे दोषही ऐका. तो टोकाच्या पुढचे पाहतो, मागचे नाही. नळीचा दांडा वाटेतल्या कोणत्या नसेला टेकला आहे, हे त्याला स्वतःला कळत नाही. टोक गरम होते, म्हणून एका जागी फार वेळ ठेवून चालत नाही. भिंगावर वाफ धरते, रक्ताचा थेंब बसला की सगळे लाल. आणि तो धरायला एक हात लागतो, नाहीतर मदतनीस किंवा यांत्रिक बाहू.

एक्सोस्कोप त्यामानाने अगदी नवा. रुग्णाच्या शरीरापासून वीतभर किंवा त्याहून दूर, एका बाहूवर टांगलेला उत्तम प्रतीचा कॅमेरा. बस्स, इतकेच त्याचे स्वरूप. नेत्रिका नाहीत. चित्र समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर उमटते. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस लॉस अँजलिसमध्येच अॅडम मॅमेलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा कॅमेरा वापरून पाहिला. तेव्हा चित्र सपाट होते, खोली कळत नव्हती. २०१७ मध्ये सोनी आणि ऑलिंपस यांच्या संयुक्त कंपनीने फोर-के स्पष्टतेचा, थ्रीडी चष्मा लावून पाहायचा एक्सोस्कोप आणला. पडदा पंचावन्न इंची. तिथून या साधनाने पाय रोवले. आमच्या रुग्णालयात तो आला तेव्हा माझ्या निवृत्तीला दोनेक वर्षे उरली होती. पहिल्या दिवशी सगळेच जण काळे चष्मे लावून उभे! एक जुन्या परिचारिकाबाई म्हणाल्या, “मॅडम, इंटरव्हलला वडे मागवायचे का?”

त्या विनोदाच्या आड जे घडले ते माझ्या दृष्टीने मोठे होते. इतकी वर्षे शल्यविशारदाची पाठ पाहणाऱ्या मला प्रथमच तो जे पाहतो ते दिसू लागले. एक उदाहरण देते. चेहऱ्याच्या संवेदनेची जी पाचवी नस, तिला शस्त्रक्रियेत धक्का लागला की कधीकधी हृदयाची गती एकाएकी खूप मंदावते. पूर्वी यंत्राचा सूर बदलला की मी विचारी, “काही ओढताय का?” आणि नेत्रिकेला चिकटलेल्या डोक्याकडून उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला. आता पडद्यावर नसेजवळ हत्यार गेलेले मला आधीच दिसे. मी सावध होऊन बसत असे आणि ठोके उतरताच “थांबा” म्हणत असे. हात थांबला की ठोके बहुधा आपोआप सावरतात. काही क्षणांचाच फरक. पण सत्तरीतल्या, हृदय आधीच थकलेल्या माणसाच्या बाबतीत त्या क्षणांना किंमत असते.

आता ताईकडे वळते. तिला झाला होता ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, याच पाचव्या नसेची वेदना. पन्नाशीनंतर, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळणारा हा आजार ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांना त्याची कल्पना येणे कठीण. चेहऱ्याच्या एकाच बाजूला विजेचा झटका बसावा अशी कळ. काही सेकंद, फार तर मिनिट-दोन मिनिटे. मग काही नाही. आणि पुन्हा. दात घासताना, घास चावताना, तोंडावर पाणी मारताना, इतकेच काय, पंख्याचा वारा लागला तरी. ताई गाण्याच्या शिकवण्या घेत असे. त्या तिने बंद केल्या. पोळी सोडली, मग भातही पातळ करून घेऊ लागली. घरात आलेल्या नातवाला ती पदराने गाल झाकून दुरूनच हात करी. मुलाने गालाला हात लावला तर, ही धास्ती. फोनवर मला म्हणाली, “अगं, दुखतं त्याचं मी सोसते. पुढची कळ कधी येईल याची वाट बघणं सोसत नाही.”

तिच्या गावी एका दंतवैद्यांनी तिच्या दोन दाढा काढल्या. दाढा तशा निर्दोष असाव्यात, कारण वेदना होती तिथेच राहिली. हे लिहिताना मला कोणावर ठपका ठेवायचा नाही; ही वेदना हिरडीतूनच उठल्यासारखी वाटते आणि रुग्ण स्वतःच दाढ काढा म्हणून हटून बसतो. पण तुमच्या घरात कोणाला अशी विजेसारखी, एका बाजूची, स्पर्शाने उसळणारी कळ येत असेल, तर दात काढण्यापूर्वी एकदा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

औषध आहे. कार्बामाझेपिन या गोळीचा गुण १९६२ पासून ठाऊक आहे आणि आजही तीच पहिली गोळी. ताईला तिने वर्षभर छान आराम दिला. पुढे मात्रा वाढवावी लागली आणि वयाने आपले दाम मागितले. चालताना झोक जाऊ लागला, दिवसा गुंगी, आणि एकदा न्हाणीघरात तोल गेला. रक्त तपासले तर सोडियम १२४. या गोळीने वृद्धांच्या रक्तातले सोडियम उतरू शकते, हे काळजी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. गोंधळल्यासारखे बोलणे, सतत मळमळ, अतिझोप ही वार्धक्याची लक्षणे म्हणून सोडून देऊ नयेत. गोळी मात्र मनानेच एकदम बंद करू नये. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवायची असते.

एमआरआयमध्ये कारण दिसले. लहान मेंदूकडे जाणाऱ्या एका धमनीचे वेटोळे नसेच्या मुळाशी टेकून होते. वयानुसार धमन्या लांबतात, वळणे घेतात. त्यातले एखादे वळण नसेवर प्रत्येक ठोक्यागणिक आपटत राहते आणि तिचे आवरण झिजते. वॉल्टर डँडी यांनी तीसच्या दशकातच असे वेटोळे पाहून ठेवले होते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पीटर जेनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते दूर करण्याची शस्त्रक्रिया रुजवली. धमनी हलकेच बाजूला करायची आणि नसेच्या व तिच्या मध्ये टेफ्लॉनचा पिंजलेला बोळा ठेवायचा. जेनेटा यांच्या हजाराहून अधिक रुग्णांचा पाठपुरावा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनंतरही सुमारे सत्तर टक्के लोक गोळीविना वेदनामुक्त होते. याला पर्यायही आहेत. गॅमा नाइफचे किरण, गालातून सुई घालून नस तापवणे किंवा तिथे फुगा फुगवणे. हे उपाय सौम्य, पण वेदना परतण्याचा आणि गाल बधिर होण्याचा संभव अधिक. ज्यांचे हृदय किंवा फुप्फुस मोठी भूल सोसणार नाही त्यांच्यासाठी तेच योग्य. ताईची प्रकृती बाकी खणखणीत होती. ‘या वयात डोक्याचे ऑपरेशन कशाला,’ असे सगळ्या नातेवाइकांनी म्हणून झाले. नुसते वय हा शस्त्रक्रिया नाकारण्याचा आधार नसतो, तपासण्यांत काय दिसते ते पाहावे लागते, एवढेच मी सांगितले. निर्णय तिचा तिने घेतला.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मला आत येण्याची मोकळीक होती. मी गेले नाही. भाऊजींशेजारी बाकावर बसले. तिथे माझी अधिक गरज होती, आणि खरे सांगायचे तर सख्ख्या बहिणीच्या ठोक्यांचा सूर ऐकण्याचे धैर्य नव्हते. जे सांगते आहे ते नंतर पाहिलेल्या चित्रीकरणावरून.

ताईला कुशीवर निजवलेले. कानामागे रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी खिडकी हाडात केलेली. एक्सोस्कोप वरून पाहत होता. पडद्यावर आवरण उघडले, मेंदूभोवतीचे पाणी हळूहळू वाहू दिले, तसा लहान मेंदू आपल्या भाराने मागे सरला आणि वाट मोकळी झाली. समोर ऐकण्याची आणि चेहरा हलवण्याची अशा दोन नसा, एकमेकींना बिलगलेल्या, पांढऱ्या दोऱ्यांसारख्या. त्यांच्यापलीकडे, खोल, पाचवी. तिच्या वरच्या अंगाला धमनीचे वेटोळे ठोक्याठोक्याला उसळत होते. ते सोडवून उचलले, बोळा बसवला. सूक्ष्मदर्शकाचे दिवस असते तर बहुतेक शस्त्रक्रिया इथेच पूर्ण झाली असती.

पण वाटेत हाडाचा एक उंचवटा असतो. त्याच्याआड नसेचा पुढचा भाग जातो, आणि वरून सरळ रेषेत पाहणाऱ्या एक्सोस्कोपला, तो कितीही फोर-के असो, हाडापलीकडचे दिसत नाही. म्हणून तीस अंशांचा एंडोस्कोप आत घेतला. या ठिकाणी, वाचकहो, दोन साधनांच्या जोडीचे मर्म आहे. एंडोस्कोपचा दांडा त्या ऐकण्याच्या नसेला जेमतेम चुकवून पुढे सरकत होता. त्याच्या टोकाचे चित्र पडद्याच्या एका कोपऱ्यात, आणि दांडा कुठून जातो आहे ते एक्सोस्कोपचे चित्र मोठ्या चौकटीत. आतला डोळा पुढे पाहतो तेव्हा बाहेरचा डोळा त्याची पाठ राखतो. पूर्वी सूक्ष्मदर्शक आणि एंडोस्कोप एकत्र वापरत, तेव्हा शल्यविशारदाला नेत्रिकेवरून नजर काढून दुसऱ्या पडद्याकडे वळावे लागे. नजर वळली की दांडा क्षणभर बेवारस. इथे मान वळवावीच लागत नाही.

उंचवट्याआड दुसरी, बारीक धमनी होती. नसेच्या खालच्या बाजूने तिला घट्ट लागून. नसेवर तिचा करडा ठसा उमटलेला. तीही सोडवली, दुसरा बोळा ठेवला. ती तशीच राहिली असती तर काय झाले असते, हे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. राहून गेलेली अशी धमनी हे वेदना परतण्याचे एक ज्ञात कारण आहे, एवढे मात्र सांगता येते.

हे वाचून आपण लगेच ‘आम्हांला एक्सोस्कोपवालेच रुग्णालय हवे’ म्हणून शोधाला लागाल, तर थोडे थांबा. आजवरच्या अभ्यासांतून एक्सोस्कोप सूक्ष्मदर्शकाच्या बरोबरीचा ठरला आहे; केवळ त्याच्यामुळे रुग्ण अधिक बरे होतात, असे सिद्ध झालेले नाही. त्याचा निर्विवाद लाभ शल्यविशारदाच्या मानेला आणि शिकणाऱ्या मुलांना. फार खोल, अरुंद जागी काही जणांना अजूनही जुना सूक्ष्मदर्शकच सरस वाटतो. काहींना थ्रीडी चष्म्याने गरगरते. आणि नव्या साधनाला हात बसायला वेळ लागतो. म्हणून यंत्राचे नाव विचारण्याआधी हे विचारा: ही शस्त्रक्रिया आपण वर्षाकाठी किती वेळा करता? ऐकू येणे जाण्याचा, चेहरा वाकडा होण्याचा धोका आपल्या हातून किती? शस्त्रक्रिया चालू असताना ऐकण्याच्या नसेवर यंत्राने लक्ष ठेवले जाते का? जाहिरातीतली ‘रोबोटिक’, ‘थ्रीडी’ ही अक्षरे या प्रश्नांची उत्तरे देत नाहीत. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. रागावला तर तेही एक उत्तरच आहे.

काळजी घेणाऱ्यांसाठी माझ्या बाकावरच्या वहीतले थोडे. रुग्णाचा चष्मा, कवळी, श्रवणयंत्र एका डबीत नाव लिहून जवळ ठेवा आणि शुद्धीवर येताच परिचारिकेकडून परवानगी घेऊन लावा. वृद्ध माणसे भुलीनंतर भ्रमिष्टासारखी होतात, त्यात न दिसणे-न ऐकणे भर घालते. ताईने पहिल्या रात्री भाऊजींना ‘मास्तर’ म्हणून हाक मारली. चष्मा लावल्यावर आणि खिडकीचा पडदा उघडून सकाळ दाखवल्यावर बरीच सावरली. पहिले दोनतीन दिवस डोकेदुखी, मळमळ, गरगरणे अपेक्षित असते. ऐकू कमी येते का, हे त्या बाजूच्या कानाशी हलक्या आवाजात बोलून आपणच पाहावे. एका डोळ्याची पापणी पूर्ण मिटत नसेल तर लगेच सांगावे. डोळा कोरडा पडून इजा होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कानामागच्या जखमेतून, किंवा पुढे वाकल्यावर नाकातून, पाण्यासारखा स्वच्छ द्रव ठिबकला तर त्याला सर्दी समजू नये. ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. ताप, मान आखडणे, वाढती गुंगी यांसाठीही रात्र उलटण्याची वाट पाहू नये. नाकातून गाठ काढलेल्या रुग्णांनी तर डॉक्टर सांगतील तितके दिवस नाक जोरात शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे. आणि लघवी एकाएकी फार होऊ लागली, तहान भागेना, तर तेही कळवायचे. हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्यांचा एकही दिवस चुकवायचा नाही.

ताई पाचव्या दिवशी घरी आली. कार्बामाझेपिन दीड महिन्यात उतरवत नेऊन बंद झाली. उजव्या गालाचा एक छोटा भाग अजून किंचित बधिर आहे आणि त्या कानाने ऐकणे पूर्वीइतके तीक्ष्ण नाही. तंबोरा लावताना तिला ते जाणवते, म्हणून ती आता डावा कान पुढे करते. शिकवण्या आठवड्यातून दोन दिवस सुरू झाल्या आहेत.

चित्रीकरणाची फीत रुग्णालयाने पेन ड्राइव्हवर दिली. ताईने ती पाहायला साफ नकार दिला. भाऊजींनी मात्र दोनदा पाहिली, तेही चहा निवू देऊन. मग विचारले, “ते कापसासारखं पांढरं आत ठेवलं, ते पुढे काढतात का?” नाही, ते आयुष्यभर तिथेच राहते. टेफ्लॉन धातू नसल्याने पुढच्या एमआरआयला त्याची अडचण नाही. तरी शस्त्रक्रियेच्या टिपणाची एक प्रत फाइलमध्ये सर्वांत वर ठेवायला मी त्यांना सांगितले आहे, आणि दुसरी प्रत भाच्याच्या फोनमध्ये.